हवेत थांबता येत नाही

व्यावसायिक विमान चालवायला आपल्याकडे वयाची ६५ वर्षांची मर्यादा आहे. तब्येत कितीही ठणठणीत असो, त्यानंतर प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. मी निवृत्त झालो तेव्हा भेटेल तो विचारायचा, ‘‘कॅप्टन, आता काय?’’ ‘‘निसर्गाचे फोटो काढणार,’’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘‘छान! वेळ जाईल.’’ पण मला वेळ घालवायचा नव्हता. मला थांबायचं होतं.

विमानाला हवेत थांबता येत नाही. पस्तीस हजार फुटांवर ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगात असताना खाली गोदावरी उन्हाने उजळलेली दिसायची आणि बघता बघता मागे पडायची. नोकरीभर मी ही पृथ्वी अशी ओझरतीच पाहिली. त्यातलं एक दृश्य फार आवडीचं. खालच्या ढगांवर विमानाची सावली पडायची आणि तिच्याभोवती रंगांची गोल कडी उमटायची. सूर्य पाठीशी आणि समोर पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असले, की ते थेंब प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत पाठवतात. या वर्तुळाचा मध्य पाहणाऱ्याच्या जागेवर ठरतो. वैमानिकाला तो सावलीच्या नाकाशी दिसतो, शेवटच्या रांगेतल्या प्रवाशाला शेपटीकडे. एकाच विमानात ज्याचं त्याचं वर्तुळ वेगळं.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र ते हेच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. इथे सावली विमानाची नसते, कड्यावर उभ्या असलेल्या माणसाची असते. जे आयुष्यभर मागे टाकत आलो, ते जमिनीवर पाय रोवून पाहता येतं हे कळलं, तेव्हा माझ्या फोटोग्राफीला दिशा मिळाली.

आणि तिथे जुनी विद्या कामी आली. वैमानिकांचा एक सोपा हिशेब आहे. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला चारशेने गुणलं, की ढगाचा तळ किती फुटांवर असेल याचा अंदाज येतो. पायथ्याशी तापमान २६ अंश आणि दवबिंदू २३ असेल, तर ढग साधारण बाराशे फुटांवर धरायला लागतील. कोकणकडा त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणजे दरी ढगाने भरेल. ढगाचा माथा कड्याखालीच राहिला, तर कड्यावर ऊन मिळेल. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी हवा तर वेळ सकाळची. पाऊस ओसरू लागला की हे सगळं जुळून येण्याची शक्यता वाढते.

जुळलं तरी कॅमेरा आपल्या मनाने चालतो. पांढरंशुभ्र धुकं त्याला करडं करायचं असतं. म्हणून एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने वाढवायचं, पण इतकंही नाही की इंद्रवज्राचे फिके रंग धुऊन जातील. हिस्टोग्रामवर नजर ठेवून हे करताना इंधनाच्या काट्यावर नजर ठेवण्याची जुनी सवय उपयोगी पडते.

या वाटेवर मी ज्यांना गुरू मानतो, ते विल्यम गार्नेट (१९१६-२००६). दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात ते कॅमेरा चालवत. युद्धानंतर घरी परतताना त्यांनी आपला देश आकाशातून पाहिला, मग विमान चालवायला शिकले आणि छोट्या विमानातून स्वतःच फोटो काढू लागले. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बुएना व्हिस्टा तळ्यावर त्यांनी टिपलेला हिमहंसांचा थवा पाहा. खाली पाणी, पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब आणि मध्ये पक्षी. पक्ष्याची जात ओळखता यावी, एवढ्यासाठी तो फोटो काढलेला नाही. पाणी, ऊन आणि पंख यांचं नातं त्या माणसाला जसं जाणवलं, तसं त्याने ते आपल्यापुढे ठेवलंय. फाइन आर्ट म्हणतात ते याला. महागड्या लेन्सने ते येत नाही. चौकटीत काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याच्या निर्णयातून ते येतं.

सोडून देणं वैमानिकाला शिकवावं लागत नाही. ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही, की ‘गो-अराउंड’ म्हणायचं आणि पुन्हा वर जायचं. त्यात कमीपणा नसतो. फोटोचंही तसंच. ऊन आलं नाही तर कॅमेरा बॅगेत ठेवायचा आणि गड उतरायचा. नसलेला प्रकाश संगणकावर आणून चिकटवायचा नाही. भिंतीवर लागणाऱ्या प्रिंटखाली आपण सही करतो. ती खऱ्या क्षणाखालीच असावी.

निवृत्तीला आलेल्या वाचकांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, कॅमेऱ्याच्या दुकानात शिरण्याआधी आपल्या नोकरीकडे नीट पाहा. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला बारकावे दिसतात, परिचारिकेला चेहरे वाचता येतात, शेतकऱ्याला माती कळते. ती नजर पेन्शनच्या कागदांबरोबर कपाटात ठेवू नका. जवळचा एखादा डोंगर किंवा तळं निवडा, बाराही महिने तिथे जा आणि मग ठरवा कुठला कॅमेरा घ्यायचा ते.