भिंतीवरच्या काचा

काचेच्या घरात राहणाऱ्याने दुसऱ्यावर दगड मारू नयेत, ही म्हण आपण इंग्रजीतून उचलली. काचेचे घर मात्र उचलले नाही, आणि आमच्या वऱ्हाडापुरते बोलायचे तर ते फार बरे झाले. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तर ती बातमीसुद्धा होत नाही. अशा मुलखात कोणी बागेत काचेची खोली बांधली तर तिच्यात रोपे वाढण्याऐवजी शिजतील. विलायतेची गोष्ट निराळी. तिथे ऊन हीच दुर्मिळ वस्तू. म्हणून तिथल्या माळ्यांनी ऊन कोंडून ठेवण्यासाठी काचेची घरे बांधली. १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनातला तो प्रसिद्ध स्फटिक महाल उभारणारा जोसेफ पॅक्स्टन हाही मुळात बागवानच होता. आपल्या देशात ही हौस बंगळूरच्या लालबागेपर्यंत पोचली. तिथल्या काचघराची कोनशिला १८८९ सालची. आपल्याकडचे आजचे हरितगृह म्हणजे लोखंडी कमानींवर ताणलेला जाड प्लास्टिकचा कागद, नाहीतर हिरवी जाळी. ती फाटली तर कोणाचा हात कापत नाही.

विलायतेत मात्र घरामागच्या भाजीच्या तुकड्यातही एक लहानसे काचघर असते, आणि त्यात पिढ्यान् पिढ्या वापरली गेली ती साधी तीन मिलिमीटरची काच. ही काच फुटते तेव्हा तिचे लांब, टोकदार सुरे होतात. पळता पळता मूल अडखळले नि हात काचेतून आरपार गेला, असे तिथे होत आले. म्हणून तिथले जाणते लोक आता सांगतात की घरात मुले असतील तर काच बदला, निदान कमरेखालची तरी.

आता वाचक विचारतील, की मग हे सगळे अमरावतीच्या मास्तराला कशाला? त्याला कारण आहे. आमच्या बागेत काच नाही असे नाही. ती आम्ही भिंतीवर लावतो.

अमरावती हे मुळात तटबंदीचे गाव. पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून बांधलेला दगडी परकोट नि जवाहर गेट आजही उभे आहेत. त्या परकोटावर कोणी काचा लावल्या नाहीत. काचा आल्या त्या बंगल्यांच्या आवारभिंतींवर, आणि काच स्वस्त झाल्यावर. एके काळी बाटली ही जपून ठेवायची चीज होती. तळेगावचा काचकारखाना उभारण्यासाठी लोकांकडून एकेक पैसा गोळा करावा लागला, म्हणून त्याचे नाव पैसा फंड. ही १९०८ च्या सुमाराची गोष्ट. पुढे १९१६ साली ओगल्यांचा कारखाना निघाला नि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. त्या कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम घरातल्या लहानग्यांकडे असे, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे. आमची आजी सांगे, की काच फुटली तर रात्री अंधार आणि पाठीत धपाटा, दोन्ही ठरलेले. अशा घरातला माणूस भिंतीवर लावण्यासाठी मुद्दाम बाटल्या फोडील, हे संभवत नाही.

मी वाढलो अकोल्यात. मोर्णेच्या काठाला एक पेरूची वाडी होती, नि तिची भिंत चांगली पुरुषभर उंच. वाडीवाल्याने तिच्या माथ्यावर तांबड्या नि हिरव्या बाटल्यांचे तुकडे सिमेंटात बसवले होते. पुढे त्या भिंतीवर दोडक्याचा वेल चढला, आणि काचा दिसेनाशा झाल्या. १९९० च्या सुमारास एका दुपारी आमच्या आळीतल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने त्या भिंतीवर हात टाकला. पेरूसाठी नव्हे, चेंडूसाठी. त्याच्या उजव्या तळव्यावर, मनगटाच्या जरा वर, बोटभर लांबीची जखम झाली. रक्त फार गेले असेही नाही. त्याला जवळच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चार टाके घातले, पट्टी बांधली, आणि मंडळी घरी आली. टाके निघाल्यावर लक्षात आले, की शेवटची दोन बोटे मिटतच नाहीत. आतले दोन स्नायुबंध तुटले होते; वरची कातडी तेवढी शिवली गेली होती. आज तो गृहस्थ पन्नाशीकडे झुकला आहे. स्वतःचे दुकान चालवतो, हसतमुख आहे. पण सुटे पैसे मोजून हातावर घेताना एखादे नाणे त्या दोन बोटांच्या फटीतून खाली पडते, नि तो गिऱ्हाइकाला म्हणतो, "थांबा हो, उचलतो."

त्या वाडीत त्या साली चोरी झाली होती की नव्हती, मला ठाऊक नाही. झाली असेल तर ती काचांनी थांबली नसणार. हे ज्ञान मला गेल्याच महिन्यात एका गवंड्याकडून मिळाले.

त्याचे असे झाले. आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. साऱ्या आळीचे ते नाना. मोठे प्रेमळ, पण सीताफळाच्या बाबतीत कडक. त्यांच्या आवारात एक सीताफळ, एक लिंबू आणि शेंदुरजना घाटाहून आणलेले संत्र्याचे एक कलम आहे. दिवाळीच्या तोंडावर सीताफळे भरतात, आणि यंदा भरल्या झाडावरून सोळा फळे एका दुपारी नाहीशी झाली.

"सर, मोजून ठेवली होती मी. सोळा!" नाना फाटकाशी येऊन म्हणाले.

"केव्हा गेली, नाना? दिवसा की रात्री?"

"दुपारी. मी जरा पडलो होतो."

"म्हणजे चोर शाळेतून आला असावा."

नानांना हे रुचले नाही. त्यांनी बावीस रिकाम्या बाटल्या एका पोत्यात जमवल्या नि गवंड्याला बोलावणे धाडले. गवंडी आला, भिंतीकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले, नि म्हणाला, "मले का जी, तुम्ही म्हनसान तं आजच लावून देतो. पन काकाजी, चोर आला का भितीवर पोतं टाकते अन् उतरते. मांगच्या साली एका बंगल्यावर मीच काचा लावल्या, अन् दोन महिन्यांत घर फुटलं. पोतं तसंच भितीवर होतं."

नाना गप्प झाले. गवंड्याने आपले दोन्ही तळवे पुढे केले. "अन् हे पाहा, लावतानी मलेच किती लागलं."

ह्यापुढे युक्तिवादाची गरज नव्हती. पण मराठीचा प्राध्यापक गप्प बसेल तर तो कसला! मी नानांना म्हटले, की ज्याला चोरी करायची आहे तो गोणपाट घेऊन येतो. चेंडू आणायला आलेले पोर गोणपाट आणत नाही. मांजर आणत नाही, आणि पोहऱ्याच्या टेकड्यांकडून शहरात येणारी वानरेही आणत नाहीत. म्हणजे तुमची काच चोराला सोडून बाकी सर्वांना कापते. शिवाय ती भिंतीवर कायम राहत नाही. आठ-दहा पावसाळ्यांत सिमेंट झिजते, तुकडे सैल होतात नि खाली आळ्यात पडतात. तिथे सकाळी अनवाणी पाणी घालायला तुमचीच नात जाते.

"सर, तुम्ही मराठी शिकवता. भिंतीवर काय लावावं ते सांगा," नाना म्हणाले.

मी चिल्हारीचे कुंपण सुचवले. आमच्या खेड्यांत वावराला काट्यांची कुपाटी करतात. काटा ओरखडा काढतो, कपडा फाडतो, आईची बोलणी खायला लावतो. पण बोटाचा स्नायुबंध तोडत नाही. आणि काटा दिसतो, हे त्याचे सर्वांत मोठे सौजन्य. नानांनी विचारले, की कुंपण वाढायला दोन वर्षे लागतील, तोवर सीताफळे कोणी राखायची? ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गवंड्याजवळ होते. तो म्हणाला, भिंतीचा माथा दोन्ही बाजूंनी उतरता, गोल करून गुळगुळीत घोटून देतो. त्यावर ना हात टिकतो, ना पाय. नानांनी भाव विचारला, नि घासाघीस करायला ते दोघे आत गेले.

घराच्या आतल्या काचेविषयीही दोन शब्द सांगतो, कारण हल्लीच्या नव्या वसाहतींत दिवाणखान्याचे अख्खे दारच काचेचे असते. फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र पडले. ते तडकले, पण विखुरले नाही; आतल्या बाजूला वाळलेल्या रसायनाच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. दोन काचांमध्ये पापुद्रा घातलेली ती काच पुढे मोटारीच्या समोर आली. दुसरी काच कडक केलेली: सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली. ती साधीपेक्षा चार-पाच पटींनी मजबूत, नि फुटलीच तर ज्वारीच्या लाह्यांसारखा बोथट चुरा होतो. मात्र एकदा कडक केल्यावर ती कापता येत नाही. दुकानदार "कडकच आहे, पाहिजे त्या मापाची आत्ता कापून देतो" म्हणाला, तर तो काय विकतो आहे ते समजावे. खऱ्या काचेच्या कोपऱ्यावर शिक्का असतो. आपल्याकडचे मानक आयएस २५५३. आणि दार साध्या काचेचे असेल नि बदलणे परवडत नसेल, तर त्यावर फुटल्यास तुकडे धरून ठेवणारा पारदर्शक कागद चिकटवून मिळतो. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एखादे रंगीत चित्रही लावावे. काच दिसत नाही, हाच तिचा निम्मा दोष.

काच लागलीच तर काय करावे, हे मी आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतले. हळद, चुना, कॉफीची पूड जखमेत भरू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावे, स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, हात वर करावा. मोठा तुकडा रुतला असेल तर घरी उपटू नये. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा नि रुग्णालय गाठावे. जखम हातावर असेल तर मुलाला प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवायला सांगावे, बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का पाहावे. एक बोट जरी हट्ट करत असेल तर डॉक्टरांना ते टाक्यांआधी सांगावे. स्नायुबंध पहिल्या काही दिवसांत जोडला तर हात पुष्कळसा परत येतो. काच क्ष-किरणांत दिसत नाही हा समज खोटा. बहुतेक काच दिसते, म्हणून तुकडा आत राहिल्याची शंका असेल तर चित्र काढायला मागावे. धनुर्वाताची लस पाच-सहा वर्षांच्या, दहा वर्षांच्या नि सोळा वर्षांच्या वेळी द्यायची असते. मधली दहा वर्षांची मात्रा पुष्कळ घरांत विसरली जाते, असे बाई म्हणाल्या.

संक्रांतीच्या मांजाचा विषय मी आज काढत नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी अकोल्यात आमचे पोट्टे खलबत्त्यात जुन्या नळीदिव्यांची काच कुटत ते मी पाहिलेले आहे. त्या दिव्यात पारा असतो, इतकेच आज सांगतो.

दिवाळीची गोष्ट मात्र आजच सांगितली पाहिजे. बाण उडवायला आपल्याला बाटली लागते. ती हलकी, तोंडाशी अरुंद नि बुडाशी गुळगुळीत. फरशीवर ठेवली की वात पेटवताना हाताचा धक्का लागून कलंडते, आणि बाण आकाशाऐवजी ओसरीत जातो. ह्याहून वाईट म्हणजे बाटलीत किंवा बाटलीखाली सुतळी बॉम्ब ठेवणे. मग फटाका उडत नाही, काच उडते, नि ती कोणाच्या डोळ्यात जाईल ह्याला नेम नाही. डोळ्यात गेलीच तर चोळू नये, पाणी मारू नये, पट्टी दाबून बांधू नये. वर कागदी पेला उपडा धरून तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

वसुबारसेच्या संध्याकाळी आळीतली चार पोरे नानांच्या फाटकाशी आली. पोत्यातल्या बाटल्यांची वार्ता त्यांना कोणीतरी दिली होती. "आजोबा, बाणासाठी दोन बाटल्या द्या ना!" ह्यांतल्या कोणी सीताफळे खाल्ली असतील, ह्याचा अंदाज घेत नाना बराच वेळ चष्म्यावरून पाहत राहिले. मग त्यांनी गवंड्याने टाकून दिलेला हातभर लोखंडी नळ आणला, रंगाच्या रिकाम्या डब्यात ओल्या वाळूत पक्का उभा रोवला, नि डबा पोरांच्या हवाली केला. बाटल्यांचे पोते त्याच दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले. बावीस बाटल्यांचे त्याने काय दिले ते नानांनी मला सांगितले नाही. पण "फार कमी देतो तो," एवढे मात्र तीनदा म्हणाले.