पिठाच्या पोत्याची तुमान



शेतकी खात्याच्या माणसाने शिवणकामावर लिहावे, आणि तेही आतल्या कपड्यांवर, हे वाचून घरची कारभारीण पदराआड हसेल. हसू द्या. पण हा विषय शेतकऱ्याच्याच घरातला आहे. शेतमाल ज्या पोत्यातून घरी येतो, त्या पोत्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकरी बायांनी एके काळी फार हुशारीने सोडवला. त्याची ही हकिकत.

अमेरिकेत १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायदा झाला आणि शेतकी कॉलेजातले ज्ञान बांधावर पोचवण्याची सरकारी व्यवस्था उभी राहिली. शेतकऱ्याला पिकाविषयी सांगायला एक कार्यकर्ता आणि घरच्या बाईला शिवण, कुक्कुटपालन, फळे-भाज्या टिकवणे शिकवायला एक कार्यकर्ती, अशी ती रचना होती. आपल्याकडे १९५२ साली समूह विकास योजना आली, तेव्हा ग्रामसेवक आणि ग्रामसेविका अशी जोडी याच विचाराने नेमली गेली. शेत आणि घर यांचा हिशेब एकच असतो, हे दोन्हीकडे ओळखलेले होते.

आता पोत्याकडे येऊ. पूर्वी तिकडे पीठ लाकडी पिंपातून विकत. एका पिंपात १९६ पौंड, म्हणजे सुमारे ८९ किलो पीठ मावे. १८४६ साली एलायस हाऊ याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे यंत्राने पक्की शिवण घालता येऊ लागली, तशी पिंपाची जागा सुती पिशव्यांनी घेतली. जुने माप मात्र राहिले. अर्ध्या पिंपाची पिशवी ९८ पौंडांची, पाव पिंपाची ४९ पौंडांची. पीठ गळू नये म्हणून त्यांचे कापड घट्ट विणीचे असे. कोंबड्या-गुरांच्या खाद्याची पोती जरा जाडीभरडी. १०० पौंडांचे खाद्याचे पोते उसवले, की सव्वा वाराच्या आसपास सुती कापड हाती येई.

उसवणेही सोपे होते. आपल्या खताच्या पोत्याचे तोंड साखळी टाक्याने शिवलेले असते ना? बरोबर टोक सापडले, की एका ओढीत सगळा दोरा सुटतो. तसेच ते. बाया तो दोराही गुंडाळून ठेवत आणि विणकामाला वापरत. कापडावर गिरणीचे नाव आणि चित्र ठळक शाईत छापलेले असे. ते घालवायला त्यावर डुकराची चरबी चोळून किंवा रॉकेलमध्ये भिजवून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी साबणाने खसाखसा धुवायचे. पांढरे साधे कापड बाळाची लंगोटी, पोरांच्या चड्ड्या आणि बायांच्या आतल्या तुमानी यांच्या कामी येई. शाई चिवट निघाली तर बसायच्या जागेवर गिरणीचे नाव आणि पिठाचे वजन अर्धवट दिसत राही. त्यावरून गावोगाव थट्टेचे किस्से झाले. थट्टा खरी, पण त्यामागे ओढगस्तही होती. आपला कपडा पोत्याचा आहे हे शेजारणीला कळू नये, म्हणून बाया शाईचा शेवटचा डाग जाईपर्यंत हात दुखवत.

ही ओढगस्त किती होती ते कापसाच्या भावावरून कळते. १९२९ साली अमेरिकेत कापसाला पौंडामागे सुमारे १७ सेंट भाव होता. १९३१ साली तो ६ सेंटच्याही खाली गेला. ज्याने कापूस पिकवला त्यालाच कापड घेणे जड झाले. ही गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. शेतातून मातीमोल भावाने गेलेला कापूस पिठाचे पोते होऊन घरी परत येई आणि घरची बाई त्यातून पुन्हा मोल काढी.

व्यापाऱ्यांनीही हे हेरले. १९२५च्या सुमारास सेंट लुईस शहरातल्या जॉर्ज पी. प्लांट मिलिंग कंपनीने 'गिंगहॅम गर्ल' नावाचे पीठ चौकड्याच्या रंगीत कापडात विकायला आणले. मग इतरांनी फुलाफुलांची, ठिपक्यांची पोती काढली. गिरणीचे नाव छापण्याऐवजी कागदी चिठ्ठी चिकटवू लागले. पाण्यात टाकली की सुटली. आता खाद्य आणायला निघालेल्या नवऱ्याला बायको कापडाचा तुकडा दाखवून बजावी, की याच छापाचे पोते आणा. कारण झग्याला तीनेक पोती एका छापाची लागत. दुकानदाराला हवे ते पोते नेमके थप्पीच्या तळातून काढावे लागे! १९४२ साली सुमारे ३० लाख बाया-मुलांच्या अंगावर अशा पोत्यांचे कपडे होते, असा अंदाज सांगतात.

पुढे कागदी पिशव्या स्वस्त झाल्या आणि सुती पोती मागे पडली. १९५९ सालीही कापूस परिषद आणि पिशवी कारखानदारांची संघटना मिळून पोत्याच्या कपड्यांच्या स्पर्धा भरवत होत्या. त्या स्पर्धेसाठी कॅन्सस राज्यातल्या एका बाईने शिवलेला झगा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. जो कपडा लपवायचा, तो मानाने मांडला गेला.

हल्ली तिकडे जुन्या काळचे पोशाख घरी शिवण्याचा छंद अनेकांना आहे. त्यांचा पहिला नियम असा, की सुरुवात आतल्या कपड्यापासून करा. आतली तुमान आणि परकर नीट असेल, तरच वरचा घेर शोभतो. या तुमानीला तिकडे 'ब्लूमर' म्हणतात. १८५१ साली 'द लिली' या बायांच्या वर्तमानपत्राच्या संपादिका अमेलिया ब्लूमर यांनी तुर्की सुरवारीसारखा पायघोळ पोशाख उघडपणे घातला आणि त्याचा पुरस्कार केला. तो होता वरून दिसणारा. पुढे ते नाव आतल्या कपड्याला चिकटले.

बचत गटाच्या भगिनींना नाटकाच्या पोशाखाखाली घालायला अशी तुमान शिवायची हौस असेल, तर कृती सोपी आहे. ३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट पावणेदोन मीटर घ्या. आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करा, म्हणजे मागाहून आटणार नाही. ३० इंच लांबीचे दोन तुकडे काढा. प्रत्येकाची रुंदी २८ इंच ठेवून उरलेली ८ इंचांची पट्टी झालरीसाठी बाजूला ठेवा. हे माप ४० इंचांपर्यंतच्या नितंबाला पुरते.

प्रत्येक तुकडा उभा दुमडा. खुर्चीवर बसून कमरेपासून बैठकीपर्यंत माप घ्या, त्यात अडीच इंच मिळवा आणि तेवढ्यावर उघड्या कडेला खूण करा. वरच्या टोकाला कडेपासून अडीच इंच आत दुसरी खूण करा. दोन्ही खुणा गोलाईने जोडून कापा. हे झाले आसन. खुणेखालची कड शिवली की एक पाय तयार. दोन्ही पाय झाले की एक उलटा करून दुसऱ्या सुलट्यात घाला आणि आसनाची गोलाई शिवा. कपडा अंगाला लागणारा आहे, म्हणून प्रत्येक शिवण आधी सुलट बाजूने बारीक घाला, मग उलटवून पुन्हा घाला. कच्च्या कडा आत झाकल्या जातात आणि मांडीला टोचत नाही. वर इंचभर नेफा करून नाडी ओवा. बाजूला ठेवलेल्या पट्ट्या उभ्या दुभागून, जोडून, चुण्या घालून पायाला झालर लावा. गंमत हवी असेल, तर पाय जोडण्याआधी मागच्या बाजूला लाल दोऱ्याने साखळी टाक्यात कोंबडा भरा आणि खाली लिहा, 'निव्वळ वजन ९८ पौंड'.

आता माझ्या खात्याचे काम. ही हकिकत वाचून घरातली पोती उसवायला घेऊ नका. आजची खताची पोती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची असतात, घाम शोषत नाहीत. कीटकनाशकाची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी, मग ती कापडी का असेना, अंगावर, बाळाखाली किंवा धान्याला कधीही वापरू नका. धुऊन विष पूर्ण गेले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. शिवायला नवा मांजरपाट घ्या किंवा घरातले जुने मऊ धोतर काढा.

पुढच्या अंकी तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू.