जुन्या गाडीचे साल

भालकी, बसवकल्याण, आळंद भागातील पुष्कळ घरांतून हल्ली एक हट्ट ऐकू येतो. मुलाला स्पोर्ट मोटारसायकल हवी असते. नवी परवडत नाही, म्हणून उदगीर वा सोलापूरहून जुनी आणण्याचे घाटते. या हट्टास आमचा विरोध नाही. मात्र रंगरूपावर न भुलता गाडीचे साल पाहावे, एवढेच आम्ही सुचवितो.

यामाहाची आर-१५ घ्या. ती २००८ साली आली. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा टायर रुंद झाला; २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत १५५ सीसीचे इंजिन आले. बाहेरचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र बदलता येते. तेव्हा चासी व इंजिनाचे क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहावेत, आणि नोंदणीच्या तारखेवर न थांबता निर्मितीचा महिना व साल वाचावे.

खरा प्रश्न ब्रेकचा आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचे झाले. एकाएकी ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही योजना मागाहून सहजी बसविता येत नाही. पावसाळी निसरड्या रस्त्यावर तिचे मोल कळते.

शिवाय महाराष्ट्रातील गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र, येथील नवी नोंदणी आणि कर ओघानेच आले. तो खर्च सौद्यापूर्वीच हिशेबात धरावा.

रंग मुलाने खुशाल निवडावा. साल मात्र वडीलधाऱ्यांनी वाचावे.