निरोपाची भाषा कुणाच्या मालकीची?

माझा भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्याच्या नानीला फोनवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. म्हणून त्याने सुट्टीत एक साधा प्रोग्राम लिहिला. नानीच्या खात्यावर आलेले निरोप तो मोठ्या अक्षरांत दाखवायचा, वाचूनही दाखवायचा. कंपनीच्या कोडमधली एक ओळही त्याने उचलली नव्हती. स्वतःच्या फोनवरून येणारे-जाणारे संदेश न्याहाळून त्यांची रचना तो शिकला होता. आठ दिवस सगळे सुरळीत चालले. नवव्या दिवशी नानीचे खाते बंद झाले. कारण काय, तर ‘अनधिकृत ॲप’. सौदीतल्या मुलाशी रोजचे बोलणे, जमातीच्या ग्रुपवरचे निरोप, सगळे एका रात्रीत तुटले. भाचा घाबरून मला विचारत होता, “मामू, मी चोरी केली का? पोलीस येतील का?”

आमच्या ॲपशी जुळणारे दुसरे ॲप बनवणे म्हणजे चोरी, हा समज कंपन्यांनी इतका रुजवला आहे की शिकणारी पोरेच स्वतःला गुन्हेगार समजू लागली आहेत. माझे म्हणणे सरळ आहे. ही चोरी नाही आणि आपला कायदाही तिला चोरी म्हणत नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली दुरुस्ती झाली. तेव्हा कलम ५२मध्ये अपवादांची भर पडली. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी कायदेशीर वापरकर्त्याने केलेली आवश्यक कृती कॉपीराइटचा भंग ठरत नाही. प्रोग्राम चालवताना त्याचे निरीक्षण करून त्यामागची तत्त्वे समजून घेण्याचीही मुभा आहे. २०१२ साली आलेले कलम ६५ए डिजिटल कुलूप फोडण्याला शिक्षा सांगते, पण तिथेही कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असावा लागतो. त्याच वर्षी युरोपीय न्यायालयाने ‘एसएएस’ खटल्यात निकाल दिला की प्रोग्रामचे कार्य, प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटा फाइलची मांडणी यांना प्रोग्राम म्हणून कॉपीराइटचे संरक्षण नाही. पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, व्याकरणावर नसतो. तोच हा न्याय.

इथे एक फरक मात्र नीट समजून घेतला पाहिजे. कंपनीचे मूळ ॲप फोडून, त्यात फेरफार करून वाटली जाणारी ‘जीबी’ छापाची ॲप्स वेगळी. त्यात दुसऱ्याचा कोड असतो आणि त्याची वकिली मी करणार नाही. दुसऱ्याचे नाव मिरवणेही वेगळे. ‘गेम’ (‘जी’ आणि ‘एआयएम’) नावाच्या मुक्त प्रोग्रामला एओएल कंपनीच्या आक्षेपानंतर २००७ साली नाव बदलून ‘पिजिन’ व्हावे लागले. वाद एआयएम या नावाचा होता. नाव बदलले आणि प्रोग्राम पुढे चालूच राहिला.

मग नानीचे खाते बंद कसे झाले? कारण कुलूप सर्व्हरवर आहे. तो कंपनीच्या मालकीचा, अटी कंपनीच्या, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ पुढे करता येते. कॉपीराइटने जे दिले, ते अटींच्या कागदाने काढून घेतले जाते.

हा खेळ जुना आहे. जुलै १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टने एओएलच्या मेसेंजरशी बोलू शकणारे आपले मेसेंजर आणले. एओएलने ते अडवले, मायक्रोसॉफ्टने वाट काढली, पुन्हा अडवले. शेवटी मायक्रोसॉफ्टने हात टेकले. डिसेंबर २०२३मध्ये ‘बीपर मिनी’ने ॲन्ड्रॉइड फोनवरून ॲपलचे आयमेसेज चालवून दाखवले. त्यामागचा अभ्यास १६ वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा होता. तीन दिवसांत ॲपलने रस्ता बंद केला आणि महिना संपायच्या आत बीपरने लढाई सोडली. दोन्ही वेळा निकाल न्यायाधीशाने दिला नाही, सर्व्हरच्या मालकाने दिला.

कंपन्या म्हणतात, हे सुरक्षेसाठी आहे. ॲपलनेही तेच सांगितले. स्पॅम आणि फसवणुकीची भीती खोटी नाही, हे मीही मानतो. पण फसवणारा आणि नानीसाठी अक्षरे मोठी करणारा यांना एकाच काठीने हाकणे ही सुरक्षा कशी? बीपर मिनी येण्याआधी आयफोनवरून ॲन्ड्रॉइडला जाणारा निरोप साधा एसएमएस होऊन, कुठल्याही कुलपाविना जात होता. बीपरने त्याला कुलूप लावले, तर तेच असुरक्षित ठरले!

आपल्याला हे अशक्य वाटायचे कारण नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा क्यूआर कोड पाहा. पैसे फोनपेवरून द्या की गूगल पेवरून, त्याच्या खात्यात जमा होतात. यूपीआयचे नियम सर्वांना सारखे आहेत म्हणून हे घडते. दहा रुपये एका ॲपवरून दुसऱ्यावर सुखरूप जातात, तर ‘ईद मुबारक’ का जाऊ नये? युरोपने डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सॲपला इतर सेवांसाठी दार उघडायला भाग पाडले आहे. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणावरून मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला. दंडाने दार उघडत नाही.

मागण्या दोनच. कलम ५२ने दिलेला हक्क कोणत्याही अटीने हिरावता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहा. युरोपच्या १९९१च्या सॉफ्टवेअर निर्देशात तसे लिहिलेले आहे, आपल्या कायद्यात ते वाक्य नाही. आणि कोट्यवधी लोक ज्यावर बोलतात, त्या सेवांना इतरांशी जोडून घेणे बंधनकारक करा.

भाच्याला मी सांगितले, “पोलीस येणार नाहीत बेटा. तू फक्त एक भाषा शिकलास.” त्याची भीती गेली. पण नानीने विचारले, “मग माझं खातं कोण परत देणार?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते कायद्याने द्यायला हवे.