पंधरा हजार तासांचा बल्ब दोन वर्षांत का उडतो?

एलईडी बल्बच्या डब्यावर एक आकडा छापलेला असतो. कुठे १५,००० तास, कुठे २५,०००. रोज सहा तास बल्ब लावला तर १५,००० तास म्हणजे जवळपास सात वर्षे. त्याच डब्यावर बारीक अक्षरांत गॅरंटी मात्र सहसा एक किंवा दोन वर्षांची. दोन वर्षे रोज सहा तास म्हणजे ४,३८० तास. कंपनी जेवढे आयुष्य सांगते, त्याच्या एक तृतीयांशाचीही हमी ती स्वतः घेत नाही. मुकुंदनगरात, झेंडीगेटला किंवा श्रीरामपुरात, कुठेही विचारून पाहा. सात वर्षे चाललेला नऊ वॅटचा बल्ब दाखवणारे घर शोधावे लागेल.

यात लबाडी किती आणि तंत्राची मर्यादा किती, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. कारण यातला बराच भाग आपल्या हातात आहे, आणि तो हात आपल्या मोहल्ल्यातल्या रिपेअरिंगवाल्याचा आहे.

स्वस्त बल्बची पांढरी टोपी काढली की आत ॲल्युमिनियमची एक चकती दिसते. तिच्यावर पिवळे ठिपके असतात, ते एलईडी. ते एकामागोमाग एका साखळीत जोडलेले असतात, म्हणून एक जळाला की सगळा बल्ब अंधारात. बाजूला विजेचे एसीचे डीसी करणारा भाग, एक कपॅसिटर, करंट ठरावीक ठेवणारी एक छोटी आयसी आणि तिच्याजवळ तांदळाच्या कणीएवढे दोन रेझिस्टर. एलईडीतून किती करंट जाणार, हे ते दोन रेझिस्टर ठरवतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हा कोडमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेला आकडा आहे. तो निसर्गनियम नाही, कुणाचा तरी निर्णय आहे.

उदाहरणासाठी समजा, एक रेझिस्टर १० ओहमचा आहे आणि दुसरा २२ चा. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणजे मिळून साधारण ६.९ ओहम. त्यातला २२ चा काढून टाकला की उरतात १०, आणि करंट एकदम ३१ टक्क्यांनी उतरतो. नऊ वॅटचा बल्ब सहा-सव्वासहा वॅटवर येतो. उजेड कमी होतो, पण तेवढ्या प्रमाणात नाही. कारण कमी करंटवर, कमी उष्णतेत एलईडी दर वॅटमागे जास्त उजेड देतो. कपॅसिटरचा तर ठोकताळाच आहे: तापमान दहा अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. बल्बचा खरा शत्रू उष्णता. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली बल्ब आधीच तापलेला असतो. रात्री शेतीपंप बंद झाल्यावर व्होल्टेज चढले की या स्वस्त बल्बांतली आयसी ते जादा व्होल्टेज उष्णता म्हणून स्वतःच्या अंगावर घेते. त्यात कुणी हौसेने तो काचेच्या बंद हंडीत लावला असेल तर विचारूच नका.

आता लबाडीचा भाग. १९२४ साली ऑस्राम, फिलिप्स वगैरे बड्या कंपन्यांनी जिनिव्हात एक संघ केला, फीबस नावाचा. पिवळ्या बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे असे त्यांनी ठरवले. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड. भांडवलशाहीच्या पापांची यादी करताना हे उदाहरण हमखास येते आणि ते खरे आहे. पण त्या संघाकडे निदान एक तांत्रिक सबब होती. तारेचा बल्ब जास्त टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते, आणि कमी तापलेली तार तेवढ्याच विजेत कमी उजेड देते. टिकाऊपणा हवा की वीजबचत, यातले एक निवडावे लागे.

एलईडीत ही सबब उरत नाही. इथे करंट उतरवला की बल्ब जास्तही टिकतो आणि वीजही जास्त सार्थकी लागते. दोन्ही फायदे एकाच बाजूला. तेवढाच उजेड हवा असेल तर फक्त ठिपके जास्त लावावे लागतात, म्हणजे बनवायचा खर्च थोडा वाढतो. बस्स.

हे होऊ शकते याचा पुरावा आपल्या ओळखीच्या ठिकाणीच आहे. आपल्यातल्या किती घरांतले कुणी ना कुणी आखातात कामाला आहे! २०१६ मध्ये दुबई महापालिकेने फिलिप्सकडून खास 'दुबई लॅम्प' बनवून घेतला. एलईडी जास्त, प्रत्येकातून करंट कमी. तीन वॅटचा तो बल्ब जुन्या साठ वॅटच्या बल्बची जागा घेतो, दर वॅटमागे सुमारे २०० ल्युमेन उजेड देतो. आपल्याकडचा नेहमीचा नऊ वॅटचा बल्ब दर वॅटमागे साधारण १०० ल्युमेनच्या आसपास असतो. कंपनी तीच, शास्त्र तेच. फरक एवढाच की तिथे मोठ्या ग्राहकाने अट घातली.

आपल्या सरकारनेही अट घातली होती, पण ती किमतीची. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनी ईईएसएलला एक बल्ब आधी ३१० रुपयांना पडत होता, तो घाऊक खरेदीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट आले, गरिबाच्या वीजबिलात फरक पडला, आणि त्या बल्बांना तीन वर्षे बदलून देण्याची हमीही होती. ही मोठी कामगिरी आहे, उगाच नाक मुरडू नये. पण या काळात आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: चांगला बल्ब म्हणजे स्वस्त आणि लख्ख. मग कारखानदाराने कमीत कमी ठिपके लावून त्यांच्यातून जास्तीत जास्त करंट सोडला, यात नवल काय? दुकानात आपण वॅट विचारतो आणि किंमत विचारतो. दर वॅटला ल्युमेन किती, हे डब्यावर असूनही कुणी वाचत नाही.

कुरआनात मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरा आहे, अल-मुतफ्फिफीन. आपण ती ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर तराजू येतो, किराणा दुकान येते. डब्यावर १५,००० तास छापायचे आणि हमी चार हजारांची द्यायची, हे कुठले माप? इस्राफबद्दलही आपली समज अशीच अर्धी आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपण लहानपणी शिकलो. पण वर्ष-दोन वर्षांनी बल्ब फेकायचा, त्यातला बहुतेक माल धडधाकट असताना, याला आपण उधळपट्टी म्हणत नाही. तो बल्ब जातो कुठे? भंगारात. ॲल्युमिनियम निघते, बाकीचे नाल्याकाठी पडते किंवा जळते. भंगाराचा धंदा आपल्यातल्या किती लोकांच्या हातात आहे आणि तो धूर कुणाच्या मुलांच्या छातीत जातो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मला रिपेअरिंगवाल्याविषयी बोलायचे आहे. दहा-वीस रुपयांत उडालेला बल्ब चालू करून देणारा पोरगा. तो जळालेला ठिपका शोधतो, त्याच्यावर सोल्डरचा थेंब टाकून साखळी जोडतो. बल्ब लागतो, पण पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत परत येतो. गिऱ्हाईक म्हणते, याला काम येत नाही. खरे कारण असे की एक ठिपका कमी झाला की त्याच्या वाट्याचे व्होल्टेजही आयसीच्या डोक्यावर बसते आणि ती आणखी तापते. ठिपका जोडताना त्याच वेळी एक रेझिस्टर काढला तर हा ताण उतरतो. दोन कामे एकत्र करायला हवीत. (काही बल्बांत एकच रेझिस्टर असतो. तिथे तो काढून जास्त ओहमचा लावावा लागतो. नुसता काढला तर बल्ब लागणारच नाही.) मिनिटभराचे काम आहे, पण ते का करायचे हे त्याला कुणी शिकवलेले नाही. आमच्यासारखे इंजिनिअरिंग करून पुण्या-बंगळुरात गेलेले लोक समाजाच्या कार्यक्रमात करिअर गाइडन्सवर भाषणे देतात. त्यातला एक रविवार या मुलांसोबत टेबलावर बसून ओहमचा हिशेब करण्यात घालवला तर मला तो जास्त मोलाचा वाटेल.

काही गोष्टी मात्र स्पष्ट हव्यात. या बल्बांत आतली सगळी पट्टी थेट २३० व्होल्टला जोडलेली असते. टोपी काढलेला बल्ब चालू होल्डरात लावून हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. व्हिडिओ पाहून घरच्या घरी हे करू नका. वायरिंगचे शिक्षण घेतलेल्यानेच करावे, बल्ब काढून, कपॅसिटर रिकामा करून, आणि टोपी पक्की बसवून मगच लावावा. हवा लागावी म्हणून टोपी न लावताच बल्ब वापरणारेही दिसतात. वजूखान्यात किंवा न्हाणीघरात तर हे चुकूनही चालणार नाही. बल्ब उघडला की कंपनीची हमी संपते, म्हणून हमी शिल्लक असलेला बल्ब आधी दुकानदाराकडूनच बदलून घ्या. आणि दुरुस्त केलेला बल्ब नवा म्हणून विकू नये. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, ती हदीस बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'दुरुस्त केलेला, सहा वॅट' एवढे मार्करने लिहिले की काम झाले.

सगळीकडे मंद बल्ब लावा असेही मी म्हणत नाही. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर, शिलाई मशीनवर, स्वयंपाकाच्या ओट्यावर पुरेसा उजेड हवाच. पण जिना, ओसरी, बोळ, मशिदीचा व्हरांडा इथे नऊ वॅटचा झोत कशाला? उजेड तीस टक्के उतरला तरी डोळ्याला तो फार जाणवत नाही. गंमत म्हणजे एलईडीचे आयुष्य मोजताना कंपन्यांच्या जगातही उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंत तो जिवंत धरला जातो. तेवढा उजेड कंपनीला चालतो, मग आपल्याला पहिल्या दिवसापासून का चालू नये?

वीजबिलात यातून फार वाचणार नाही, खोटी आशा नको. रोज सहा तासांच्या एका बल्बमागे महिन्याला अर्धे युनिट. वाचतो तो बल्ब.

केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने आली. शंभर रुपयांचा बल्ब या चर्चेत क्वचितच येतो, पण प्रत्येक घरात तोच आहे, आणि मशिदीत तर डझनांनी आहेत. मशिदीचे ट्रस्ट बल्ब घाऊक घेतात, म्हणजे आपणही छोटे दुबईच. येत्या रमजानआधी खरेदी होईल तेव्हा ट्रस्टींनी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: दर वॅटला ल्युमेन किती, हमी किती वर्षांची, आणि उडाला तर बदलून कोण देणार. बिल फाइलला लावावे. प्रत्येक बल्बच्या मानेवर लावल्याची तारीख मार्करने लिहावी. पुढच्या रमजानला कुठला बल्ब किती दिवस चालला, हे डब्यावरच्या आकड्याशेजारी मांडून दुकानदाराच्या टेबलावर ठेवता येईल.