वय ३० च्या आत

“हिशेबनीस पाहिजे. टॅली येणे आवश्यक. वय ३० च्या आत.” अशी जाहिरात वाचली की आम्हा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बरे वाटते. दार जणू आपल्यासाठीच उघडे ठेवले आहे! टॅलीची अट समजू शकते. ते आल्याशिवाय काम होणार नाही. परंतु मित्रहो, ३१ व्या वर्षी माणसाला जमा-नावे कळेनासे होते काय? वयाची अट कशासाठी, हे जाहिरातीत कधीच लिहिलेले नसते.

माझे स्पष्ट मत असे की, या अटीचा कामाच्या कुवतीशी फारसा संबंध नाही. तिचा संबंध खतावणीशी आहे. ग्रॅच्युइटीचे सूत्र आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पाठच करतो. शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला हा हिशेब. महिना १८,००० रुपये पगार आणि २२ वर्षे नोकरी असलेल्या कामगाराचे मालकाकडे सुमारे २ लाख २८ हजार रुपये देणे निघते. शिवाय आज दिलेली पगारवाढ मागच्या सगळ्या वर्षांना लागू पडते. शिकाऊ उमेदवाराला मात्र तो कायदा लागूच नव्हता. म्हणजे कामगार जितका मुरलेला, तितका वहीत जड! मग एके दिवशी त्याचे ‘वय झाले’ असे म्हणतात. कानडीतही ‘वयस्सायितु’ असेच म्हणतात. दोन्ही भाषांत वय आपोआप होते, कोणी करीत नाही. मालकाला हे व्याकरण फार सोयीचे.

माझे थोरले काका उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. २२ वर्षे लेथवर काढली. सीएनसी यंत्रे आली आणि ४९ व्या वर्षी त्यांना ऑफिसात बोलावून एका कागदावर सही घेतली. कागदावर मजकूर होता, ‘स्वखुशीने राजीनामा’. कामगार कपात करायची तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, आणि साधारणपणे शेवटी आलेल्याने आधी जायचे असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. राजीनाम्याला यातले काहीच लागत नाही. नवे यंत्र शिकता का, असे काकांना कोणी विचारले नाही. “मोजमाप अजून बोटांत आहे की रे,” एवढेच ते म्हणतात. हल्ली ते एका मंगल कार्यालयात रात्रीच्या राखणीला जातात. भविष्य निर्वाह निधीची पूर्ण पेन्शन मिळणार ५८ व्या वर्षी. मधली नऊ वर्षे कोणत्या खात्यावर टाकायची?

कानडी विभागातला माझा एक मित्र मात्र म्हणतो, “थोरल्यांनी जागा अडवून ठेवल्या तर आपण जायचे कुठे?” प्रश्न खोटा नाही. त्याची बहीण दोन वर्षे स्पर्धा परीक्षा देते आहे. ठरलेल्या वयाला निवृत्ती असावी, हे मलाही मान्य आहे. (ते वय तरी कुठे एक आहे? कर्नाटकाने २००८ साली सरकारी नोकरांसाठी ते ५८ वरून ६० केले. पलीकडे चंदगडातला कारकून त्यानंतरही कित्येक वर्षे ५८ लाच घरी जात राहिला.) पण ४९ व्या वर्षी घरी बसवणे ही निवृत्ती नव्हे. आणि काकांच्या जागी जी दोन शिकाऊ पोरे आली, त्यांना तरी जागा कुठे मिळाली? वर्ष संपताच ती बाहेर, दुसरी दोन आत. कायमची जागा होती ती मोडली, आणि आम्हा तरुणांना वाटले ती आमच्यासाठी रिकामी झाली.

कायद्याचे म्हणाल तर घटनेच्या १५ व १६ व्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी यादी आहे. तीत वय नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी निवृत्त करीत. ते प्रकरण १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने रद्द केला. मुदतवाढीबाबतची व्यवस्थापकीय संचालकांची मर्जीही काढून घेतली. पण ३५ हे वय मुळातच अन्यायाचे आहे, असे काही म्हटले नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या हिशेब तपासनिसांच्या हाताखाली काम करतील. एखाद्या वर्षी ग्रॅच्युइटीची तरतूद एकदम खाली आलेली दिसली, तर कोण गेले, किती वर्षांचे होते, आणि कपात झाली की राजीनामा, एवढे विचारून पाहावे. काकांच्या कारखान्यात त्या एका वर्षात सात ‘स्वखुशीचे’ राजीनामे आले. सातही जण पंचेचाळिशीच्या पुढचे होते.