भिंतीवरचा समुद्र

मुलाच्या बाणेरच्या नव्या घरात पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर ही मोठी तसबीर! निळाशार समुद्र, खडकात कोरलेला पोहण्याचा तलाव आणि कडेला ऊन खात पहुडलेली श्रीमंत माणसं. मी पडले जुन्या वळणाची मास्तरीण. म्हटलं, "अगं, ही कुणाची कोण माणसं? आपल्या बैठकीत यांचं काय काम?"

सूनबाई हसली. म्हणाली, "आई, हे स्लिम आरन्सचे फोटो. हल्ली खूप लावतात."

रात्री तिच्याच लॅपटॉपवर वाचलं. (निवृत्तीनंतर ही खोड लागली आहे.) तो फोटो ऑगस्ट 1976 मधला, फ्रान्समधल्या आंतिबच्या ईडन-रॉक हॉटेलचा. आरन्स हा अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात सैन्याचा छायाचित्रकार होता. रणांगणावर जखमी झाला आणि पुढे जन्मभर सुखी माणसं, ऊन, पाणी यांचेच फोटो काढत राहिला. 2006 साली गेला. हे वाचल्यावर माझा राग निम्मा उतरला. मरण जवळून पाहिलेल्या माणसाला सुखाचे फोटो काढावेसे वाटले, तर त्याला चंगळवादी कसं म्हणायचं?

उरलेला निम्मा राग मात्र कायम आहे. त्या चित्रात सरबताचे पेले दिसतात, ते आणून देणारे हात सहसा दिसत नाहीत. आणि दुसऱ्यांची सुट्टी आपण भिंतीभर लावायची नि आपली ट्रंकेत ठेवायची, हे काही मला पटत नाही. सकाळी तसं बोलूनही दाखवलं.

तर सूनबाई म्हणते कशी, "मग द्या ना तुमचा गुहागरचा फोटो!"

आता आली का पंचाईत! तोही 1976 चाच, दिवाळीच्या सुट्टीतला. चिपळूणहून एसटीने गेलो होतो. क्लिक थ्री कॅमेरा उसना, रोलमध्ये फोटो बारा, त्यातला आम्हा दोघांचा एवढा एकच. ह्यांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, माझं लुगडं भिजलेलं, डोळे मिटलेले. असला अवतार चारचौघांत लावायचा? मी चक्क नाही म्हणाले. उपदेश करणं सोपं असतं, दुसरं काय!

आठवडाभराने मीच ट्रंक उघडली. मुलाने फोटो स्कॅन करून मोठा करून आणला. ह्यांच्या उजव्या हातात काहीतरी काळं दिसत होतं. इतकी वर्षं मी ती सावली समजत होते. चष्मा पुसून पाहिलं, तर माझ्या चपला. दोन्ही.

हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. फोटो ईडन-रॉकच्या शेजारी लावलाय, त्याच मापाचा. सूनबाईला सांगितलंय, ऊन येतं तिथे, दुपारी पडदा ओढत जा.